पत्ता बरोबर, आरोपी चुकीचा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा इथल्या पहिल्या दोन रांगांचा जास्त आहे. शिवाय हाताशी वेळ थोडा आणि जायचं आहे अमेरिकेत, तेही हमरस्ता सोडून. तेव्हा प्रास्ताविक आवरतं घेतो.

आयडाहो राज्याच्या दक्षिण सीमेजवळ आल्मो नावाचं खेडं आहे. तिथे आयडाहोच्या नकाशाच्याच आकाराचा एक दगड उभा आहे. त्या मुलखात पहिल्यांदा वसलेल्या गोऱ्या लोकांच्या वंशजांनी तो १९३८ साली बसवला. १८६१मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या तीनशे जणांच्या तांड्याची मूलनिवाशांनी इथे कत्तल केली आणि त्यातून पाचच जण निसटले, असं त्यावर कोरलेलं आहे. ब्रिगहॅम मॅडसन या इतिहासकाराने या प्रकरणाचा माग काढला. तीनशे माणसं एका जागी मारली गेली तर कुठेतरी काहीतरी उमटायला हवं. त्या वर्षीची वर्तमानपत्रं, लष्कराचा पत्रव्यवहार, सरकारी अहवाल. त्या काळी या वाटेवरच्या किरकोळ चकमकींचीही बातमी होत असे. या कत्तलीबद्दल त्या वेळची एक ओळ सापडत नाही. ती घडल्याचा पुरावाच नाही, असं मॅडसनने दाखवून दिलं.

आता त्याच राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, प्रेस्टन गावाजवळ या. २९ जानेवारी १८६३ रोजी कर्नल कॉनरच्या सैनिकांनी बेअर नदीकाठच्या शोशोनी लोकांच्या हिवाळी वस्तीवर पहाटे हल्ला केला. बायका-मुलांसह किमान अडीचशे माणसं मेली. काही अंदाज चारशेच्या घरात जातात. १९३२ साली तिथे स्मारक उभं राहिलं आणि त्यावरच्या फलकाने या प्रकाराला ‘लढाई’ म्हटलं. कत्तल हा शब्द सरकारदरबारी रुजू व्हायला १९९० साल उजाडावं लागलं. म्हणजे न घडलेल्या कत्तलीला दगड मिळाला आणि घडलेल्या कत्तलीला लढाईचा मान. एकाच राज्यात, सहा वर्षांच्या अंतराने.

या जोडगोळीत माझ्या विषयाचं अर्धं सार आहे. उरलेलं अर्धं भुताखेतांचं आहे, तिकडे येतोच.

रस्त्याकडेच्या या पाट्यांचा जन्म मोटारीबरोबर झाला. मोटार आली, मध्यमवर्ग हिंडू लागला, आणि प्रत्येक राज्याला वाटलं की हिंडणाऱ्याने आपल्याकडे थांबावं, पेट्रोल भरावं, जेवावं. व्हर्जिनिया राज्याने १९२७ साली रिचमंडहून उत्तरेला जाणाऱ्या एक नंबरच्या रस्त्यावर पाट्या लावायला सुरुवात केली. शंभरेक शब्दांचा मजकूर, ठसठशीत अक्षरं. बाकीची राज्यं मागोमाग आलीच. मग १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, वाहतूक तिकडे वळली आणि पाट्या जुन्या रस्त्यांवर राहून गेल्या. आज अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेले आपले आईवडील नायगारा, व्हाइट हाउस आणि बालाजीचं देऊळ पाहून येतात. पाट्यांच्या वाटेला कोणी जात नाही. त्यांना दोष देत नाही. गाडी चालवणारा मुलगा असतो आणि त्याला सोमवारी ऑफिस असतं.

पाटी ज्याच्या खर्चाने उभी राहते त्याच्या आठवणीची असते, हे आल्मोवरून लक्षात आलंच असेल. पण पाटीच्या शेजारी नेहमी आणखी एक मजकूर असतो, तो न लिहिलेला. गावातल्या कॉफीच्या दुकानात तो ऐकायला मिळतो: इथे अमुक दिसतं, तिथे रात्री थांबू नका, या जागेला शाप आहे. इतिहासाचे अभ्यासक त्याला हसतात, आणि पर्यटन खातं त्याचे टी-शर्ट छापतं. माझं म्हणणं असं की या दोन्ही मजकुरांत एक विचित्र श्रमविभागणी आहे. पाटी बहुधा तारीख बरोबर सांगते आणि करणाऱ्याचं नाव गाळते. दंतकथा पत्ता बरोबर सांगते, पण आरोपी भलताच उभा करते.

उदाहरण घेतो ते वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंटचं. ओहायो आणि कनावा या नद्यांच्या संगमावरचं हे छोटं गाव. १५ नोव्हेंबर १९६६च्या रात्री दोन तरुण जोडपी एका गाडीतून गावाबाहेर हिंडत होती. त्यांना माणसाच्या आकाराचं, मोठ्या पंखांचं, लाल चमकत्या डोळ्यांचं काहीतरी दिसलं. ते गाडीच्या मागे लागलं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. टीव्हीवर तेव्हा बॅटमॅनची मालिका जोरात होती, त्या चालीवर या प्राण्याचं नाव पडलं मॉथमॅन, म्हणजे पतंगमानव. वर्षभर लोकांना तो दिसत राहिला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञाने हा वाट चुकलेला सारस असावा असं मत दिलं. सारसाच्या डोळ्यांभोवती लाल कातडी असते खरी. गावाला ते मत अजिबात आवडलं नाही.

मग १५ डिसेंबर १९६७. नाताळची खरेदी, संध्याकाळी पाचची वेळ. गावाला ओहायो राज्याशी जोडणारा सिल्व्हर ब्रिज गाड्यांनी भरलेला होता. तो बघता बघता नदीत कोसळला. ४६ माणसं गेली, त्यांतल्या दोघांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. लोकांनी दोन आणि दोन जोडले. तो प्राणी इशारा द्यायला आला होता, असं काही म्हणाले. त्यानेच घात केला, असं बाकीचे. १९७५ साली जॉन कील या लेखकाने त्यावर पुस्तक लिहिलं, २००२मध्ये हॉलीवूडचा सिनेमा आला, २००३मध्ये गावाच्या मध्यभागी पतंगमानवाचा स्टेनलेस स्टीलचा पुतळा बसला. आता दर सप्टेंबरात तिथे जत्रा भरते. एरवी पेंगणाऱ्या त्या गावात तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही.

पुलाचं काय झालं होतं? १९२८ सालचा हा झुलता पूल तारांच्या जाड दोरांवर तोललेला नव्हता. टोकांना भोकं असलेल्या लांब पोलादी पट्ट्या खिळींनी एकमेकींत ओवून, सायकलच्या चेनसारखी साखळी केली होती. एका दुव्यात दोनच पट्ट्या. एक तुटली तर दुसरीने भार पेलायची सोयच नव्हती. ओहायोच्या बाजूच्या ३३० क्रमांकाच्या पट्टीच्या भोकात एक चीर होती, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल. गंज आणि ताण या दोघांनी मिळून ती चाळीस वर्षं पोसली. सांधा उकलल्याशिवाय ती दिसणं शक्य नव्हतं. पूल बांधला तेव्हा रस्त्यावर हलक्या फोर्ड गाड्या होत्या. १९६७मध्ये त्याच पट्ट्यांवरून ट्रक जात होते. आणि ठराविक मुदतीने देशातला प्रत्येक पूल तपासायचा, असा नियमच तेव्हा अमेरिकेत नव्हता. तो या अपघातानंतर आला. संसदेने १९६८मध्ये कायदा केला, १९७१मध्ये तपासणीचे राष्ट्रीय निकष ठरले. आज अमेरिकेतला कुठलाही पूल ओलांडताना आपण या ४६ जणांचे ऋणी असतो. त्यांची नावं गावात आहेत, पूल जिथे उतरत होता तिथे. पुतळ्यापासून चालत जाता येतं. पुतळ्यापाशी रांग असते, तिथे नसते.

पण मला सांगायचं ते पुलाबद्दल नाही. तो प्राणी पहिल्यांदा दिसला ती जागा कोणती? गावकरी तिला ‘टीएनटी एरिया’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे सरकारी स्फोटकांचा कारखाना होता. माल साठवायला मातीने झाकलेली काँक्रीटची घुमटाकार कोठारं बांधली होती. इग्लू म्हणतात त्यांना, अजून उभी आहेत. युद्ध संपलं, कारखाना बंद झाला आणि ती जमीन अभयारण्य म्हणून जाहीर झाली. जमिनीत आणि पाण्यात मुरलेलं विष तिथेच राहिलं. १९८१मध्ये तिथल्या तळ्यापाशी लालसर पाणी पाझरताना दिसलं, आणि १९८३मध्ये केंद्र सरकारने ही जागा देशातल्या सर्वांत घातक प्रदूषित ठिकाणांच्या यादीत घातली. म्हणजे यादी येण्याच्या सतरा वर्षं आधी गावातली तरुण मुलं एकमेकांना सांगत होती की तिथे काहीतरी वाईट आहे. पत्ता बरोबर होता. आरोपी मात्र पंखांचा निघाला, आणि पंखांच्या आरोपीला कोर्टात उभं करता येत नाही.

त्याच गावात याहून जुनी एक कथा आहे. शॉनी लोकांचा पुढारी कॉर्नस्टॉक १७७४च्या लढाईत इथे गोऱ्यांशी लढला. नंतर त्याने शांतता पाळली. १७७७मध्ये तो गावच्या किल्ल्यात स्वतःहून बोलणी करायला आला. त्याला अडकवून ठेवलं, आणि एका सैनिकाच्या खुनाचा सूड म्हणून, त्या खुनाशी त्याचा संबंध नसताना, त्याला मुलासकट गोळ्या घातल्या. आरोपींविरुद्ध साक्ष द्यायला कोणी पुढे आलं नाही, सगळे सुटले. मरताना त्याने या भूमीला दोनशे वर्षांचा शाप दिला म्हणे, आणि पूल पडला तो त्यामुळेच. शापाचा उल्लेख त्या काळच्या कागदांत नाही. ती भर पुष्कळ नंतरची. संगमावर चौऱ्याऐंशी फूट उंच ग्रॅनाइटचा स्तंभ आहे, तो लढाईचा. कॉर्नस्टॉकचं स्मारक त्याच आवारात आहे, लहानसं. शापाच्या कथेची खुबी पाहा: खून झाला हे ती मान्य करते, विसरू देत नाही. पण हिशेब पूर्ण झाला असंही सुचवते. त्याने शाप दिला, आम्ही भोगला, फिटंफाट. साक्ष न देणारे गावकरी या कथेतून अलगद बाहेर पडतात.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांची मुलं न्यू जर्सीत आहेत, म्हणून तिथलं भूतही ओळखीचं असलेलं बरं. राज्याच्या दक्षिणेला पाइन बॅरन्स नावाचं वाळूतलं पाइनचं अफाट रान आहे. तिथे १७३५ साली लीड्स नावाच्या बाईला तेरावं मूल झालं, ते जन्मतःच पंख फुटून धुरांड्यातून उडालं: हाच तो ‘जर्सी डेव्हिल’. जानेवारी १९०९मध्ये आठवडाभर तो इतक्यांना दिसला की काही शाळा-गिरण्या बंद ठेवाव्या लागल्या. फिलाडेल्फियात एका तमासगिराने कांगारूला पंख चिकटवून तिकीट लावलं.

लीड्स हे घराणं मात्र खरं. डॅनियल लीड्स १६८७ साली पंचांग छापू लागला. तो क्वेकर पंथाचा होता आणि पंचांगात ग्रहगोलांची फळं देत होता. पंथवाल्यांनी त्याला वाळीत टाकलं, सैतानाचा दूत ठरवून त्याच्याविरुद्ध पत्रकं काढली. पुढे त्याच्या मुलाच्या, टायटनच्या, पंचांगाला एक प्रतिस्पर्धी भेटला. बेंजामिन फ्रँकलिन. फ्रँकलिनने १७३३च्या आपल्या पंचांगात भाकीत केलं की टायटन लीड्स १७ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून २९ मिनिटांनी मरणार. तो दिवस उलटला, टायटन जिवंतच. फ्रँकलिन म्हणाला, छे, तो मेलाय. हे बोलतंय ते त्याचं भूत. अमेरिकेच्या राष्ट्रपुरुषाने एका जिवंत माणसाला धंद्यातल्या चुरशीपायी भूत केलं, आणि ते घराणं पुढे कायमचं भुतांच्या खात्यात जमा झालं. थट्टा म्हणून ठीक आहे. पण १९१३ साली याच रानात राहणाऱ्या गरिबांवर, ‘पायनी’ लोकांवर, एक अहवाल निघाला. वंशशुद्धीच्या खुळाचा तो काळ. हे लोक जन्मजात मंदबुद्धीचे आणि बिघडलेले आहेत असं त्यात ठरवलं गेलं, आणि राज्याच्या गव्हर्नरने त्यांना वेगळं ठेवण्याची भाषा केली. सैतानाचा मुलूख असं ज्याचं नाव आधीच झालेलं आहे तिथल्या माणसांबद्दल असं बोलायला कोणाची जीभ अडखळणार?

आता जिथे भूत नाही तिथे चला.

पुन्हा वेस्ट व्हर्जिनिया. चार्ल्स्टनहून साठ नंबरच्या जुन्या रस्त्याने पूर्वेला गेलं की हॉक्स नेस्ट नावाचा कडा लागतो. खाली न्यू रिव्हरची खोल घळ, धरणाचं संथ पाणी. १९३० साली इथे डोंगरातून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला, नदी वळवून वीज करायची आणि ती पुढच्या धातूच्या कारखान्याला द्यायची. मंदीचे दिवस होते. काम आहे एवढं कळताच दक्षिणेकडून मजुरांची रीघ लागली, बहुतेक काळे. डोंगराच्या काही भागातला खडक जवळजवळ शुद्ध सिलिका होता. छिद्रं पाडताना पाणी मारलं तर धूळ बसते, पण काम मंदावतं. म्हणून कोरडंच खोदलं. धूळ इतकी की बोगद्यातून बाहेर आलेला काळा माणूस आणि गोरा माणूस ओळखू येत नसे, दोघंही पांढरे. तपासणीला येणारे साहेब तोंडावर मुखवटा लावत. मजुरांना तो नव्हता, हे पुढे संसदीय चौकशीत साक्षीदारांनी सांगितलं. सिलिकोसिस एरवी वर्षानुवर्षांनी मारतो. इथे माणसं महिन्यांत मेली. मिळेल तिथे पुरली. काळ्यांना गोऱ्यांच्या स्मशानात जागा नव्हती, तेव्हा समर्सव्हिलच्या एका शेतात पुरली. १९७२मध्ये तिथून रस्ता रुंद होणार म्हणून ते अवशेषही हलवले.

जमिनीखाली काम केलेले सुमारे तीन हजार. १९३६च्या संसदीय चौकशीने मृतांचा आकडा ४७६ धरला. १९८६मध्ये मार्टिन चेर्नियाक या डॉक्टराने जुनी कागदपत्रं धुंडाळून ७६४चा अंदाज केला. त्याच वर्षी राज्याने रस्त्याकडेला पाटी लावली. ती पाटी भित्री नाही, हे कबूल करायला हवं. राज्यातला सर्वांत भीषण औद्योगिक अपघात म्हणते, मजूर बहुतेक काळे होते हे सांगते, चौकशीतला आकडा देते. पण त्यात माणसं मारली कोणी? खडकाच्या धुळीने. कंपनीचं नाव नाही.

ते नाव तुम्हा-आम्हाला पाठ आहे. युनियन कार्बाइड. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या दरम्यानची रात्र, भोपाळ. जो वायू तिथे सुटला तोच, मिथिल आयसोसायनेट, याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट नावाच्या गावातल्या कारखान्यात तयार होत असे, आणि हे गाव चार्ल्स्टनजवळ आहे. बोगद्यापासून मोटारीने थोड्याच वेळाच्या वाटेवर. भोपाळनंतर आठ महिन्यांनी, ऑगस्ट १९८५मध्ये, तिथेही दुसऱ्या एका रसायनाची गळती होऊन शंभरावर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या कारखान्याभोवतीची जुनी वस्ती काळ्यांची आहे. भोपाळबद्दल आपल्याकडे इतकं लिहून आलं, त्यात हॉक्स नेस्टचा उल्लेख किती ठिकाणी वाचलात, आठवून पाहा.

मला बरेच दिवस कोडं होतं की इतक्या मरणानंतर या बोगद्याला पतंगमानवासारखं भूत का चिकटलं नाही. चार तरुणांना एका रात्री काही दिसलं तर पुतळा होतो. इथे शेकडो गेले आणि जत्रा सोडा, धड दंतकथाही नाही. माझं उत्तर असं: दंतकथेला वस्ती लागते. रात्री मुलांना सांगणारी आजी लागते, तेच घर, तोच ओटा. हॉक्स नेस्टचे मजूर परगावचे. जे आजारी पडले त्यांना हाकललं, जे जगले ते छातीत धूळ घेऊन दक्षिणेत आपापल्या गावी गेले. स्मृती गेली ती गाण्यातून गेली. जॉश व्हाइट या काळ्या गायकाने १९३६मध्ये सिलिकोसिसवर गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं सामानाशिवाय प्रवास करतं. भुताला मात्र पत्ता लागतो. समर्सव्हिलजवळच्या त्या कबरींवर व्यवस्थित स्मारक झालं ते २०१२ साली.

पाट्यांना कमी लेखून मला चालणार नाही. मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला १९५५मध्ये ठार मारलं. त्याचा मृतदेह नदीतून जिथे काढला असं मानतात तिथे २००८ साली पाटी लागली. ती चोरीला गेली. दुसरी लावली, तिच्यावर गोळ्या झाडल्या. तिसरीवरही झाडल्या. २०१९मध्ये चौथी लावली ती बुलेटप्रूफ. आल्मोच्या दगडावर कोणी गोळी झाडल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रतिष्ठानाने २०१५पासून खास दंतकथांसाठी लाल पाट्यांना पैसे द्यायला सुरुवात केली आहे. आता भुतांनाही अधिकृत पाटी मिळते. मी अशा पाट्यांपुढे आवडीने थांबतो, पण मनात येतंच की लाल पाटीवर बंदूक रोखावी असं कोणाला वाटणार नाही.

शेवटी आपल्या माणसांकडे येतो. ४ सप्टेंबर १९०७ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्यांच्या जमावाने लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना, बहुतेक पंजाबी शिखांना, मारहाण करून हुसकलं. काही दिवसांत गावात हिंदी मजूर उरले नाहीत. तिथे त्याची आठवण म्हणून ग्रॅनाइटची कमान उभी राहिली २०१८मध्ये. थोडं दक्षिणेला, ओरेगनमधल्या अस्टोरियात, वेगळं घडलं. तिथेही गिरणी, तिथेही पंजाबी मजूर. पण शेजारी फिनलंडहून आलेले समाजवादी होते. त्यांचा देश झारच्या ताब्यात, आपला इंग्रजांच्या. १९१३ साली इंग्रजी सत्ता उलथवू पाहणाऱ्या गदर पक्षाची स्थापनेची सभा भरली ती या फिनिश लोकांच्या सभागृहात. अस्टोरियाने शंभर वर्षांनी, २०१३मध्ये, तिथे फलक लावला. इथेही दंतकथा नाहीच, कारण तेच: त्यांतले बरेचसे १९१४मध्ये इंग्रजांशी लढायला म्हणून मायदेशी परत फिरले, वस्ती विरली. परतलेल्यांत पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. त्यांना १६ नोव्हेंबर १९१५ला लाहोरात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी दिलं. आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, या पक्षाच्या पहिल्या फळीतले, भटकत भटकत मेक्सिकोला पोचले आणि तिथे मक्याच्या वाणांवर काम करणारे शेतीतज्ज्ञ झाले. त्यांचा चेहरा पाहायचा तर मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर पाहायला मिळतो, दिएगो रिवेराच्या चित्रात, पंगतीत भाकरी मोडून वाटताना. तिकडचा रस्ता मी अजून केलेला नाही. कोणी केला असेल तर प्रश्नोत्तरांत सांगावं. आता तुमचे प्रश्न घेऊ.